गाणं मराठी ‘दिसतं’ म्हणजे काय?

परीक्षा जवळ आली की होस्टेलमध्ये नको ते खेळ सुचतात. यंदा सुचलेला खेळ असा: लॅपटॉपवर कुठल्याही गाण्याचा व्हिडिओ लावायचा, आवाज पूर्ण बंद करायचा, आणि पाच सेकंदांत ते गाणं कोणत्या प्रकारातलं आहे हे ओळखायचं. जी चुकेल तिनं खाली जाऊन सगळ्यांसाठी कटिंग आणायचा.

पहिला अर्धा तास कोणी चुकेचना. होडी, जाळं, लाल टोप्या घातलेले पुरुष: कोळीगीत. बाजूला सरकणारा पडदा, पाठमोरी बाई, घुंगरू बांधलेला पाय: लावणी. वरून ड्रोनने टिपलेली पांढऱ्या कपड्यांची रांग आणि डोक्यावर तुळस: अभंग. निळे झेंडे, निळा फेटा: भीमगीत. अरुंद गल्ली, मागे वीस पोरं, लेन्समध्ये घुसणारा हात: रॅप. काळे टी-शर्ट, मोकळे केस, पडकी गिरणी: मेटल. उसाचा फड, बुलेट, उडणारी ओढणी: प्रेमगीत. आणि टेकडीवरचा सूर्योदय, गिटार, मिटलेले डोळे, खाली मोठ्या अक्षरांत ओळी: चर्चमधलं भक्तिगीत. हे शेवटचं तर दोन सेकंदांतच ओळखलं गेलं, कारण कॉयरच्या तीन मुली खेळात होत्या. त्यातली एक मी.

मग मी माझा व्हिडिओ लावला. पाच सेकंदं गेली, दहा गेली. एकीने ‘डॉक्युमेंटरी’ म्हटलं. दुसरी म्हणाली, ‘विम्याची जाहिरात आहे ना?’ तिसरीने जरा जपूनच विचारलं, ‘तुमच्याकडे कोणी गेलंय का गं?’

चहा आणायला मीच गेले.

तो व्हिडिओ मी आणि माझ्या मामेभावाने दिवाळीच्या सुट्टीत भोपाळला केला. माझं घर भोपाळचं. ‘भोपाळमध्ये मराठी माणसं असतात?’ हा प्रश्न मला मुंबईत आल्यापासून दर आठवड्याला ऐकावा लागतो, म्हणून एकदाच सांगून टाकते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचा राजधानीचा मान गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. कचेऱ्या हलल्या, फाइली हलल्या, फाइलींबरोबर कारकून हलले. त्या कारकुनांत माझे पणजोबा होते. त्यांच्यासारख्यांसाठी टी. टी. नगरात सरकारी क्वार्टर्स होते: बैठी घरं, पुढे थोडं अंगण, अंगणात पेरू नाहीतर कडुनिंब. माझे बाबाही शासकीय नोकरीतले, त्यामुळे माझं बालपण अशाच एका क्वार्टरमध्ये गेलं. पुढे स्मार्ट सिटीसाठी टी. टी. नगरची जागा ठरली आणि क्वार्टर्स पाडले गेले. आम्ही फ्लॅटमध्ये आलो. आजीही आली, पण ती अजून नव्या घराला ‘तिकडचं घर’ म्हणते. तीन माणसं राहतात त्या घराला ‘तिकडचं’, आणि जिथे आता पत्र्याचं कुंपण आहे त्याला ‘आपलं’.

गाणं त्यावर होतं. शब्द माझे, चाल मामेभावाची, मधलं कडवं आजी गाते. व्हिडिओत आजी तिच्या नेहमीच्या पाचवारी साडीत, वर स्वेटर, पायात बाटाच्या चपला, अशी त्या कुंपणाच्या कडेने चालते आणि आपली चूल कुठे होती, मोरी कुठे होती, ते हाताने दाखवते. बस, एवढंच.

तो आम्ही एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवला. कोणत्या ते लिहीत नाही. परीक्षकांचा शेरा आला: प्रयत्न चांगला आहे, परंतु दृश्यांतून मराठीपण जाणवत नाही, पारंपरिक वेशभूषेचा विचार व्हावा.

आठ दिवस मी रागात होते. राग उतरल्यावर जे उरलं, ते इथे लिहितेय.

आधी परीक्षकांच्या बाजूने बोलते, कारण त्या हॉस्टेलच्या खेळानं मला एक गोष्ट पटवली. व्हिडिओची ही ठरलेली रूपं कुणी आळसातून काढलेली नाहीत. प्रत्येकामागे काहीतरी गरज आहे आणि बहुतेक वेळा ती पैशाची आहे. रॅपचे व्हिडिओ गल्लीत का होतात? गल्लीला भाडं नाही आणि परवानगी विचारायला कुणी येत नाही. लेन्स इतकी रुंद का, की कडेच्या भिंती वाकलेल्या दिसाव्यात? नव्वदच्या दशकात अमेरिकेत हाइप विल्यम्सने फिशआय लेन्सने ती शैली गाजवली हे खरं, पण आपल्याकडे ती रुजली त्याला साधं कारणही आहे: चार फुटांच्या बोळात मागे सरकायला जागाच नसते. नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’ आयपॅडवर चित्रित केलं. कुर्ल्याचा पोरगा, हातात वडिलांनी दिलेलं यंत्र, आणि बाहेर आपलीच वस्ती. त्या दिवशी जे नाइलाजाने झालं, ते पाच वर्षांत नियम होऊन बसलं. आता मोठ्या कंपन्या गल्लीचा सेट लावतात.

मेटलवाले पडक्या गिरणीत जातात, कारण तिथे ढोल-गिटार बडवले तर शेजारी तक्रार करत नाहीत. आपल्या चर्चच्या गाण्यांत खाली अक्षरं असतात, कारण ते गाणं ऐकायचं नसून सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं, आणि रविवारी तोच व्हिडिओ प्रोजेक्टरवर लागतो. (ना. वा. टिळकांनी आपल्या चर्चला भजनाची गोडी लावली, टाळ-मृदंगावर म्हणता येतील अशी पदं लिहिली. त्यांतलं एखादं पद आता व्हिडिओत येतं तेव्हा टाळ कुठेच दिसत नाही, गिटार दिसते. आणि नाताळच्या व्हिडिओसाठी आम्ही मुंबईतल्या डिसेंबरात, कपाळावरचा घाम पुसत, कापसाच्या बर्फात उभ्या होतो, हेही कबूल करते.)

स्लो मोशनचंही तसंच. चार मिनिटांचं गाणं म्हणजे २४० सेकंदं. दर तीन सेकंदांनी दृश्य बदलायचं तर ऐंशी दृश्यं लागतात. एका दिवसात, एका मोबाइलवर, एका आजीला घेऊन ऐंशी दृश्यं कोण काढणार? सेकंदाला साठ चित्रं घ्यायची आणि तीसच्या वेगाने दाखवायची, की तीन सेकंदांची सहा होतात. म्हणून नवख्यांच्या व्हिडिओत सगळे इतके सावकाश चालतात. आम्हीही तेच करायचं ठरवलं. फक्त यात एक गोम आहे. ओठ हलताना दाखवायचे असतील तर चित्रणाच्या वेळी गाणंही दुप्पट वेगाने वाजवावं लागतं, म्हणजे नंतर वेग अर्धा केला की ओठ बरोबर जुळतात. मामेभावाने आजीचं स्वतःचंच कडवं दुप्पट वेगाने लावलं. आजीने दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, ‘हे काय उंदरं गाऊन राहिले का रे?’ आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. स्वेटरच्या बाहीने डोळे पुसत हसत होती. कॅमेरा चालूच होता. गाणं घर पाडल्याचं, आणि मधोमध आजी सावकाश, अर्ध्या वेगाने, पोट धरून हसते. ते आम्ही ठेवलं. माझ्या मते अख्ख्या व्हिडिओतली तेवढी सहा सेकंदं खरोखर चांगली आहेत, आणि ती चुकून मिळालेली आहेत.

तर रूढी वाईट नाही. प्रश्न आहे तो रूढी कधी ओळखपत्र होते, याचा.

कोळीगीताचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं, कारण समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर वाढूनही मी सात वर्षं सलग कोळीनृत्य केलंय. भोपाळच्या गणेशोत्सवात मराठी मुलांनी काय करायचं हे ठरलेलं असतं. मुलगे पुठ्ठ्याची वल्ही घेऊन, मुली कमरेला टोपली लावून. गुडघ्याच्या वर चोपून नेसलेलं लुगडं, म्हणजे खरं तर इलॅस्टिक लावून शिवलेलं. आमच्यातल्या एकीनेही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. पण ‘महाराष्ट्राचं काहीतरी करा’ म्हटलं की तेच. आम्ही मूळचे नागपूर-वर्ध्याकडचे! आमच्याकडे दंडार आहे, खडी गंमत आहे. पण ते व्हिडिओत सहसा दिसत नाही, म्हणून ते ‘महाराष्ट्राचं’ वाटत नाही.

हे कसं झालं असेल? ‘मी डोलकर’ शान्ता शेळक्यांनी लिहिलं, हृदयनाथांनी चाल लावली, लताबाई आणि हेमंतकुमार गायले. ते रेकॉर्डवर आणि रेडिओवर ऐकायचं गाणं होतं. होडी ज्याची त्याने मनात पाहायची. मग कॅसेट आली, मग व्हीसीडी आली. व्हीसीडीला चित्र हवंच; पडदा रिकामा ठेवता येत नाही. किनारा फुकट, होड्या तिथेच, नाचणारी मंडळी गणपतीच्या स्टेजवरून तयारच. एका दिवसात आठ गाणी निघत असतील. रांगेत उभं राहा, उजवीकडे दोन, डावीकडे दोन, वल्हं मार. जे स्टेजवरून आलं ते व्हीसीडीत गेलं, आणि व्हीसीडीतून पुन्हा स्टेजवर, भोपाळपर्यंत.

मुंबईला आल्यावर मी रूममेटबरोबर एकदा पहाटे ससून डॉकला गेले. तिथल्या बाया मॅक्सीवर जॅकेट चढवून, रबरी बूट घालून, बर्फाचे क्रेट ओढत होत्या आणि एकीकडे मोबाइलवर भावही सांगत होत्या. मला क्षणभर वाटलं, हिला कुणी व्हिडिओत का घेत नाही? पण मग माझ्याच वर्गातल्या एका कोळी मुलीने मला गप्प केलं. ती म्हणाली, ‘नारळी पुनवेला आम्ही लुगडं नेसतो, सगळं सोनं घालतो, आणि व्हिडिओही आम्हीच काढतो. बूट घालून आई रोज जातेच की. गाण्यात तरी तिला सोन्यात दिसू दे.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. ज्यांचं रूप आहे त्यांनी ते हौसेनं ल्यायचं, हे वेगळं. आणि ज्यांचं नाही त्यांनी परीक्षा पास व्हायला ल्यायचं, हे वेगळं. माझं भांडण दुसऱ्याशी आहे.

भीमगीतांचं तर आणखी वेगळं. आमच्या मध्य प्रदेशातच महू आहे, बाबासाहेबांचं जन्मगाव. १४ एप्रिलला तिथे महाराष्ट्रातून गाड्या भरून माणसं येतात आणि पुढच्या आठवड्यात मोबाइलवर नवी गाणी येतात. निळं आकाश, निळा गुलाल, कोट घातलेला गायक, मागे बाबासाहेबांचा कोटातला फोटो, हातात पुस्तक. एकदा मी आगाऊपणे म्हणाले होते की सगळे व्हिडिओ सारखेच दिसतात. माझी नागपूरची मैत्रीण शांतपणे म्हणाली, ‘आमच्याकडे कोट हा कॉस्च्युम नाही.’ वामनदादा कर्डकांपासून प्रल्हाद शिंद्यांपर्यंत ज्यांनी ही गाणी गावोगाव नेली, त्यांच्यापुढे कॅमेरा क्वचितच होता. आता कॅमेरा हातात आलाय तर माणसं कडक इस्त्रीचा कोट घालून उभी राहतात. चेन्नईच्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’नेही स्टेजवर यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी सूट घातले, त्यामागेही हाच विचार. इथे सारखेपणा ही कल्पनेची गरिबी नाही. सगळ्यांनी एकसारखं दिसणं हेच तिथे म्हणायचंय. त्यामुळे ‘रूढी मोडा’ असं सरसकट म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही.

आता लावणी. इथे मात्र मला कॅमेऱ्याचा राग येतो. १९७२च्या ‘पिंजरा’पासून २०१०च्या ‘नटरंग’पर्यंत आणि पुढे २०२२च्या ‘चंद्रमुखी’पर्यंत पाहा. दिवे, रंग, पैसा सगळं वाढत गेलं, पण कॅमेरा सुरुवातीला पायाशीच जातो. घुंगरू, मग कंबर, मग गर्रकन वळून चेहरा. सुंदर असतं, मी नाही म्हणत नाही. ‘नटरंग’ची गाणी मी शंभरदा पाहिली असतील. पण बैठकीची लावणी याच्यात बसत नाही. ती बसून गायची असते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची आणि दर वेळी भुवई, मान, बोटं यांतून वेगळा अर्थ काढायचा. वाईच्या यमुनाबाई वाईकर त्यात मोठ्या. त्यांचं बसून केलेलं गाणं पाहताना कळतं की दर तीन सेकंदांनी दृश्य बदललं तर तिथे काहीच उरणार नाही. भुवई वर जायलाच चार सेकंदं लागतात. व्हिडिओला उभी लावणी परवडते, बसलेली परवडत नाही, आणि जी परवडत नाही ती हळूहळू ‘लावणी नाहीच’ असं लोकांना वाटायला लागतं.

(आजीला मी विचारलं होतं, नऊवारी नेसशील का व्हिडिओसाठी? ती म्हणाली, ‘मी काय तमाशात उभी राहू?’ हे वाक्य मला आवडलेलं नाही, आणि मी तिला तसं सांगितलंही. पण त्यात एक गंमत आहे. तिची स्वतःची आजी वर्ध्याला रोज नऊवारीच नेसायची, त्यातच शेतात जायची, विहिरीवरून पाणी आणायची. जे रोजचं कामाचं वस्त्र होतं, ते पडद्यावर इतकं नाचलं की आजीला त्यात आता नाचच दिसतो.)

बसून गाणं कॅमेऱ्याला चालत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी भोपाळजवळचं उदाहरण देते. २०१०चा ‘पीपली लाइव्ह’ हा सिनेमा आमच्या शेजारच्या रायसेन जिल्ह्यातल्या बडवई गावात चित्रित झाला. त्यातलं महागाईवरचं गाणं आठवा. रघुवीर यादव आणि गावातली मंडळी खाली बसलेली, ढोलक, पेटी, टाळ्या. नाच नाही, कपडे बदलणं नाही. ते गाणं देशभर गाजलं. त्याच्याकडे पाहताना मला टी. टी. नगरातलं आमचं गुरुवारचं भजनी मंडळ आठवतं. सतरंजी, मधोमध पेटी, भिंतीला टेकलेली म्हातारी माणसं, कोपऱ्यात आम्ही पोरं पेंगत. माळव्यात प्रह्लादसिंह टिपानिया कबीर गातात तेव्हाही असंच, तंबुरा आणि करताल घेऊन समोर गातात. कॅमेरा कुठेही ठेवा, काही बिघडत नाही. हे बसणं मराठी नाही का? वारकऱ्यांना आपण ड्रोनमधून वरून पाहतो तेव्हा मुंग्यांसारखी पांढरी रांग दिसते. फडावर बसलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातातला टाळ दिसायला खाली, जमिनीवर यावं लागतं.

एकच चाल दोन रूपांत कशी बदलते याचा उत्तम पुरावा म्हणजे ‘झिंगाट’. २०१६च्या ‘सैराट’मध्ये पोरं धूळ उडवत नाचतात, कुणाचा पाय कुणात नसतो, शर्ट बाहेर, घाम तसाच. २०१८च्या ‘धडक’मध्ये तेच गाणं उदयपूरला गेलं आणि सगळ्यांना एकाच वेळी पाय उचलता यायला लागला. चाल तीच, संगीतकार तेच. पण पहिल्यात आपण गर्दीत असतो आणि दुसऱ्यात तिकीट काढून समोर. गंमत म्हणजे ‘सैराट’च्या संगीतासाठी अजय-अतुल लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करून आले. एवढी व्हायोलिनं वाजतात, आणि चित्रात काय? विहीर, केळीच्या बागा, धावणारा पोरगा. व्हायोलिन म्हणजे झूमर आणि जिना हा नियम नागराज मंजुळ्यांनी सरळ धुडकावला, आणि त्या विहिरीला ते सूर शोभले. तिथून पुढे मात्र प्रत्येक मराठी प्रेमगीतात विहीर आली. नियम मोडणाराच नवा नियम देऊन जातो, याला काय करणार!

बाहेरचं जग यापेक्षा निराळं नाही. १ ऑगस्ट १९८१ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि गाणं पाहण्याची वस्तू झाली; आपल्याकडे चॅनल व्ही, एमटीव्ही, इंडिपॉप. दलेर मेहंदींना लोक म्हणायचे की तुमचे व्हिडिओ सुंदर मुलींमुळे चालतात. त्यांनी १९९८मध्ये ‘तुणक तुणक तुण’ केलं, त्यात चौघे नाचतात आणि चारही दलेर मेहंदीच. टीकेला इतकं सणसणीत उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. मलाही क्षणभर वाटलं होतं, चार आज्या कराव्यात.

भोपाळलाही पडद्यावर स्वतःची ठरलेली रूपं आहेत, आणि ती दोनच. पहिलं: संध्याकाळचा बडा तालाब, ड्रोन, राजा भोजचा पुतळा, पाण्यावर केशरी उजेड. दुसरं: युनियन कार्बाइडचे गंजलेले पाइप आणि १९८४ची ती काळी-पांढरी छायाचित्रं. बाहेरून कुणीही भोपाळवर गाणं करायला आलं की या दोनांपैकी एक. १९५७च्या ‘नया दौर’चा टांगा आमच्याच बुधनीत धावला, पण तो बुधनी म्हणून कुणी ओळखत नाही. क्वार्टरची मोरी आणि स्वेटर घातलेली मराठी म्हातारी, हे तर कुठल्याच यादीत नाही. मराठीच्या यादीत नाही कारण नऊवारी नाही. भोपाळच्या यादीत नाही कारण तलाव नाही. म्हणून माझ्या मैत्रिणींना ती विम्याची जाहिरात वाटली. त्यांची चूक नाही. विम्याच्या जाहिराती सोडल्या तर साध्या साडीतली आजी त्यांना पडद्यावर कुठे भेटलीय?

मला शेऱ्यातला ‘पारंपरिक’ हा शब्द टोचला नाही. ‘जाणवत नाही’ हे टोचलं. मुंबईत माझ्या बोलण्यातलं ‘करून राहिली’, ‘काऊन’ ऐकून मुली हसतात. प्रेमाने हसतात, मला राग नाही. भोपाळमध्ये शाळेत मी ‘मराठी वाली’ होते आणि इथे ‘हिंदी वाली’ आहे. गाण्यात तरी हे सांगायला लागू नये, असं वाटलं होतं. शब्द सगळे मराठी, आवाज आजीचा. पण ऐकायच्या आधी पाहिलं गेलं.

२०२४मध्ये जळगावच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ आलं तेव्हा भोपाळमधल्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणी, ज्यांना मराठीचा गंध नाही, त्यांनी गुलाबी साड्या नेसून रील्स टाकल्या आणि मला टॅग केलं. मला भरून आलं होतं, खोटं का बोलू. पहिल्यांदाच मराठी असणं ही शाळेतल्या त्या ग्रुपमध्ये मिरवायची गोष्ट झाली होती, आणि ते एका रंगाने केलं. तेव्हा रूढीला ताकद आहे हे मला माहीत आहे. मला एवढंच हवंय की यादी थोडी लांब व्हावी. नऊवारी राहू दे, होडी राहू दे, निळा कोट तर राहायलाच हवा. त्यांच्या शेजारी एक स्वेटर टांगायला खुंटी असावी.

आपल्या मंडळाच्या मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमासाठी व्हिडिओ करायचा घाट घातला जातोय. पहिल्याच बैठकीत ‘ड्रेसवाल्याकडून किती नऊवाऱ्या आणायच्या’ ही चर्चा झाली, आणि सूचना करणारी मुलगी माझी चांगली मैत्रीण आहे, तेव्हा तिने हे वाचून रागावू नये. मी म्हटलं, आपल्यातल्या प्रत्येकीच्या घरी जी बाई रोज जे नेसते किंवा घालते तेच घालून तिला बोलवू या. वसईची एकीची मावशी फ्रॉक घालते. एकीची आई नर्सच्या गणवेशात येईल, कारण तिची ड्यूटी दोनला संपते. यावर मतदान अजून व्हायचंय.

आजीला मी शेरा वाचून दाखवला होता, फोनवर. तिने विचारलं, ‘म्हणजे मी मराठी नाही दिसत?’ मी म्हटलं, तसंच काहीसं. ती जरा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘तो हसतानाचा ठेवला ना पण?’ ठेवलाय म्हटल्यावर तिला तो वर्ध्याच्या बहिणीला पाठवायचा होता, आणि लिंक कशी पाठवायची हे सांगण्यात आमचे पुढचे वीस मिनिटं गेले.